रोगजंतू आणि शरीर : काळाशी शर्यत

नगर शहराच्या आग्नेयेस सुमारे ७५ किलोमीटरवर, बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून जामखेड हे तालुक्याचे गाव आहे. हा मुलूख अवर्षणाचा. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे काम सुरू केले. त्या सुमारास या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७५ मुले वर्षाची होण्याच्या आतच दगावत. म्हणजे साधारणपणे दर सहा मुलांमागे एक. पुढे १९९० च्या दशकात प्रकल्पाच्या गावांत हेच प्रमाण हजारी ३० च्याही खाली आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे नाव जगभर झाले.

हा बदल एखाद्या मोठ्या इस्पितळाने घडवला असेल असे तुम्हाला वाटेल. इस्पितळ तेथे होतेच. पण रोजचे काम केले ते गावांनीच निवडून दिलेल्या आरोग्य सेविकांनी. त्यांपैकी कित्येक जणी कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. जामखेडला येऊन त्या शिकत आणि शिकलेले आपल्या गावात वापरत. त्यांच्याजवळची सामग्री तरी कोणती? साबण, नवे कोरे ब्लेड, स्वच्छ दोरा, मीठ, साखर, थोडी औषधे आणि घराघरातून फिरणारी बारीक नजर.

एवढ्याशा साधनांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूंचा पाडाव कसा होतो? याचे उत्तर हवे असेल, तर जंतू शरीरात शिरून काय करतात आणि शरीर त्यांच्याशी कसे लढते हे पाहावे लागेल. ही लढाई बव्हंशी काळाशी असलेली शर्यत आहे, असे आपल्याला आढळून येईल.

दुपटीचे गणित

प्रथम जंतूंची बाजू पाहू. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू घ्या. अन्न आणि ऊब मनाजोगती मिळाली तर तो सुमारे २० मिनिटांत दुभंगतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असे हे गणित तासाला आठपटीने वाढते. सात तासांत एका जंतूचे २० लाखांहून अधिक जंतू होतात. दहा तासांत १०७ कोटी. एका जंतूचे वजन ग्रॅमच्या लाख-कोटाव्या भागाइतके धरले आणि वाढ याच वेगाने चालू राहिली असे मानले, तर चोवीस तासांत त्या एकट्याच्या संततीचे वजन चार हजार टनांवर जाईल! वही-पेन्सिल घेऊन पडताळा घ्या.

प्रत्यक्षात असे कधीच घडत नाही. अन्न संपते, जागा अपुरी पडते आणि शरीरात शिरलेल्या जंतूंवर तर लगेच हल्ला सुरू होतो. पण या गणितातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. समजा, साबणाने हात धुतल्यामुळे हातावरचे हजार जंतू जाऊन एकच उरला. पुन्हा हजाराचा आकडा गाठायला त्याला दहा वेळा दुभंगावे लागेल, म्हणजे सुमारे २०० मिनिटे लागतील. साबणाने हात पूर्णपणे निर्जंतुक होत नाहीत. तो शरीराला वेळ मिळवून देतो. शिवाय बहुतेक रोग एखाद्‌दुसऱ्या जंतूने होत नाहीत, त्यांना पुरेशी संख्या लागते. म्हणून संख्या घटवणे हाही एक विजयच होय.

भुईकोटाची रचना

आता शरीराची बाजू. नगरचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बाहेर खंदक, त्यानंतर भक्कम तट आणि तटाच्या आत शिबंदी. आपल्या शरीराची रचना काहीशी अशीच आहे.

त्वचा हा तट. नाक-घशातील चिकट स्राव, अश्रू आणि लाळ यांना खंदकाचे पाणी म्हणता येईल. अश्रूंत लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. ते काही जंतूंच्या भिंती विरघळवते. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९२२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जठरातील आम्ल तर इतके तीव्र असते की पाण्याबरोबर गिळलेले पुष्कळसे जंतू तेथेच नष्ट होतात.

पण समजा, रानात चालताना पायात बाभळीचा काटा मोडला. तटाला खिंडार पडले. काट्याबरोबर जंतू आत गेले. काही तासांतच ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा जंतूंचा विजय नव्हे, शिबंदी धावून आल्याची ती खूण आहे. इजा झालेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात, त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जखमेकडे सरकतात. त्या जंतूंना वेढतात, गिळतात आणि पचवतात.

हा प्रकार प्रथम ओळखला तो एली मेच्निकॉव या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे असताना त्याने ताराम्याच्या पारदर्शक अळ्यांत गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला! या भक्षक पेशींच्या संशोधनासाठी त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या अस्थिमज्जेत अशा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात. जखमेतून येणारा पू म्हणजे बहुतांशी लढता लढता मेलेल्या याच पेशी होत.

ही पहिली फळी तत्पर असते, पण तिला शत्रूंची वेगवेगळी ओळख नसते. तिच्या मागे दुसरी फळी आहे. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे तुम्ही अनुभवले असेल. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. येथे कोट्यवधी लसिका पेशी असतात आणि कुलपाला एकच किल्ली बसावी तशी प्रत्येकीला एका विशिष्ट आकाराचा रेणूच ओळखता येतो. जखमेतून आलेल्या जंतूचे तुकडे येथे दाखवले जातात. ज्या थोड्या पेशींना तो आकार जुळतो त्या जाग्या होतात आणि दुभंगू लागतात.

पण त्या ई. कोलायसारख्या २० मिनिटांत दुभंगत नाहीत. दिवसातून दोन वेळा धरले तर एका पेशीच्या सुमारे १६ हजार व्हायला आठवडा लागतो. त्यांपैकी काही प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी बनतात. अशी एक पेशी सेकंदाला सुमारे दोन हजार प्रतिपिंडे बाहेर टाकते, म्हणजे दिवसाकाठी १७ कोटींहून अधिक! प्रतिपिंडे जंतूला किंवा त्याच्या विषाला नेमकी चिकटतात, त्याला निकामी करतात किंवा भक्षक पेशींना तो गिळणे सोपे करतात. इतर काही लसिका पेशी रोगग्रस्त झालेल्या आपल्याच पेशींना शोधून मारतात. अस्त्र प्रभावी आहे, पण पहिल्या वेळी ते परजायला आठ-दहा दिवस लागतात. लढाई संपल्यावर काही पेशी स्मृती म्हणून मागे राहतात. तोच शत्रू पुन्हा आला तर उत्तर दोन-चार दिवसांत आणि कितीतरी जोराने मिळते.

मधले हे आठ-दहा दिवसच जोखमीचे. जामखेडच्या भागात माणसांना ग्रासणारे तीन रोग आपण पाहू. तीन जंतूंचे डाव अगदी वेगवेगळे आहेत.

पहिला डाव : विषाचा

धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि गुराढोरांच्या, घोड्यांच्या शेणालिदीत असतात. हे बीजाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि पाणी उकळले तरी काही काळ टिकतात. म्हणूनच शस्त्रक्रियेची हत्यारे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअस तापमानाला १५ ते २० मिनिटे ठेवतात. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हा तुमच्या पुस्तकातला नियम येथे प्राण वाचवतो.

या जंतूला हवेतला प्राणवायू मानवत नाही. काट्याची खोल जखम किंवा मृत झालेली ऊती ही त्याची आवडती जागा. बाळाची कापलेली नाळ अशीच असते. पूर्वी खेड्यांत अनेक ठिकाणी नाळ विळ्याने कापत आणि तिच्यावर राख किंवा शेण लावत. बाळ पहिले काही दिवस छान दूध पिई. पुढे चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्याचा जबडा आवळे, दूध ओढता येईनासे होई आणि अंग ताठून कमानीसारखे वाके. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे. ज्या दिवसांत ती पूजा होई, नेमक्या त्याच दिवसांत हा रोग उघड होई. मग आईबापांनी नशिबाला बोल लावला तर नवल नव्हते.

प्रत्यक्षात लिहिणारा होता विळ्यावरचा बीजाणू. गंमत अशी की हा जंतू जखम सोडून कोठे जातच नाही. तो तेथेच बसून विष तयार करतो. ते विष मज्जातंतूंत शिरून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचते. आपला हात वाकतो तेव्हा वाकवणारा स्नायू आवळतो आणि सरळ करणाऱ्या स्नायूला थांबण्याचा संदेश जातो. धनुर्वाताचे विष हे थांबण्याचे संदेश बंद पाडते. सर्व स्नायू एकाच वेळी आवळतात, जणू गाडीचे ब्रेक निकामी होऊन इंजिन मात्र चालूच राहावे.

हे विष किती जहाल? माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे ग्रॅमचे सुमारे अडीच अब्जांश इतके ते प्राणघातक ठरते. अडीच किलोच्या बाळाला ग्रॅमचे सुमारे सहा अब्जांश पुरतात. मिठाचा एक बारीक दाणा ६० मायक्रोग्रॅमचा धरला, तर हे त्या दाण्याच्या दहाहजाराव्या भागाइतके झाले! इतक्या अल्प विषाची दुसऱ्या फळीला धड चाहूलही लागत नाही. त्यामुळे धनुर्वातातून जो वाचतो त्यालाही पुढच्या वेळेसाठी प्रतिकारशक्ती येत नाही. आणि विष एकदा मज्जातंतूत शिरले की प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. येथे शर्यत सुरू होण्यापूर्वीच शरीर हरलेले असते.

मग उपाय काय? शर्यत आधीच जिंकून ठेवायची. १८९० साली बर्लिन येथे एमिल बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले की धनुर्वाताचे विष सोसलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात ते विष मारण्याचा गुण येतो. पुढे १९२० च्या दशकात फ्रान्समधील गास्तों रामों यांच्या पद्धतीने फॉर्मालिन वापरून विषाचा दाहक गुण काढून टाकता आला, पण त्याचा आकार मात्र शाबूत राहिला. अशा निर्विष केलेल्या विषाला विषाभ म्हणतात. धनुर्वाताची लस म्हणजे हा विषाभच. शरीराला ओळख पटते, इजा होत नाही.

नवजात बाळाला लस टोचून आठ-दहा दिवस वाट पाहण्याइतका वेळ कोठून मिळणार? म्हणून लस गरोदर आईला देतात. तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि बाळ शस्त्रसज्ज होऊनच जन्माला येते. जामखेडच्या सेविकांनी दोन्ही बाजूंनी नाकेबंदी केली. आईला लस, आणि बाळंतपणाला धुतलेले हात, नवे ब्लेड व स्वच्छ दोरा. हाच मार्ग देशभर अवलंबला गेला आणि मे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हे प्रमाण हजार जन्मांमागे एकाहून कमी आले.

दुसरा डाव : पाणी पळवण्याचा

लहान मुलांना अतिसार अनेक जंतूंमुळे होतो. त्यांपैकी कॉलऱ्याच्या जंतूचा डाव शास्त्रज्ञांना चांगला उलगडला आहे. हा जंतूही शरीरात खोल शिरत नाही. जठरातल्या आम्लातून जे वाचतात ते लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून विष सोडतात. कॉलऱ्याचे असे विष असते हे सशांच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ साली दाखवले कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी. या विषामुळे आतड्याच्या पेशींची क्षार बाहेर टाकणारी यंत्रणा चालू होते ती बंदच होत नाही. क्षारांमागोमाग पाणी वाहू लागते. मोठ्या माणसाच्या शरीरातूनही दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी जाऊ शकते. मग तान्ह्या मुलाची काय कथा!

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की शरीर ही लढाई बहुधा जिंकतेच. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात, प्रतिपिंडेही तयार होऊ लागतात. प्रश्न तेवढे दिवस तग धरण्याचा असतो. रोगी जंतूंमुळे मरत नाही, पाण्यावाचून मरतो.

नुसते पाणी पाजले तर ते राहत नाही. पण आतड्याच्या पेशींत एक दुसरे दार असते. ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आले की ते उघडते आणि दोघांबरोबर पाणी आत ओढले जाते. कॉलऱ्याचे विष हे दार बंद करू शकत नाही! १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्याही खाली आले.

हीच आपली जलसंजीवनी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ अधिक होऊ देऊ नये. हे पाणी एकही जंतू मारत नाही. ते फक्त वेळ मिळवून देते आणि बाकीचे काम शरीर करते. हे ज्ञान जामखेडच्या सेविकांनी चुलीपर्यंत पोचवले. गावोगावी कूपनलिका खोदून हातपंप बसवले गेले, त्यामुळे पोटात जाणारे जंतूही घटले.

तिसरा डाव : दबा धरण्याचा

तिसरा शत्रू अगदी उलट स्वभावाचा. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या आर्मावर हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. ई. कोलाय २० मिनिटांत दुभंगतो, तर याला सुमारे तेरा दिवस लागतात! त्याच्याजवळ जहाल विष नाही. मग तो टिकतो कसा? ज्या भक्षक पेशी जंतूंना गिळून पचवतात, त्यांच्याच पोटात तो न पचता राहतो. शिवाय त्वचेच्या मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत तो घर करतो. प्रतिपिंडे पेशीच्या आत पोचत नाहीत, म्हणून ती येथे निरुपयोगी ठरतात. येथे भक्षक पेशींना चेतवणाऱ्या लसिका पेशींचीच गरज असते.

शेकडा ९५ च्या आसपास लोकांच्या शरीरात हे काम ठीक होते आणि त्यांना हा रोग होतच नाही. उरलेल्यांत रोग दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. सुरुवात होते ती त्वचेवरच्या फिकट, बधिर चट्ट्याने. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. पुढे मज्जातंतू निकामी झाले की चटका, जखम समजत नाही आणि न समजलेल्या जखमांनी बोटे झिजतात. बोटे जंतू खातो हा गैरसमज आहे.

म्हणजे येथे वेळ भरपूर असतो, पण तो कोणाच्या ध्यानात येत नाही. हे काम घरोघरी जाणाऱ्या, सर्वांच्या ओळखीच्या बाईलाच साधण्यासारखे होते. सेविका चट्टे पाहत आणि तेथे स्पर्श कळतो का हे तपासत. जामखेडच्या इस्पितळात कुष्ठरुग्णांना वेगळे न काढता इतर रुग्णांबरोबरच उपचार मिळत. त्यामुळे लोक रोग लपवीनासे झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. या पद्धतीने आता सहा ते बारा महिन्यांत हा रोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोगी संसर्गकारक राहत नाही.

जामखेडचा धडा

तिन्ही डावांकडे एकत्र पाहा. धनुर्वातात शरीराला वेळच मिळत नाही, म्हणून लस देऊन तो आधीच मिळवावा लागतो. अतिसारात चार-पाच दिवस हवे असतात, ते मीठ-साखरेचे पाणी देते. कुष्ठरोगात वेळ असतो, तो वाया जाऊ न देणे माणसांच्या हाती असते. तिन्ही ठिकाणी शरीराची यंत्रणा तीच, पण तिला संधी मिळणे न मिळणे बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून होते. शाळेत न गेलेल्या स्त्रियांनी हे विज्ञान समजून घेतले आणि वापरले, हेच जामखेडचे महत्त्व.

विद्यार्थीमित्रहो, एक गोष्ट विसरू नका. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, कारण त्याचे विषाणू माणसांतच राहत. धनुर्वाताचे तसे होणार नाही. त्याचे बीजाणू आपल्या शेतात, गोठ्यात, मैदानात आहेत आणि राहणार. तो माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून तुम्हाला संरक्षण मिळत नाही. ज्याची त्यालाच घ्यावी लागते आणि तिचा प्रभाव काही वर्षांनी ओसरतो. म्हणून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांची एकत्रित टीडी लस देतात. आपली ही मात्रा झाली आहे की नाही, हे आज घरी विचारा. शिक्षकांनीही वर्गात एकदा मोजणी करून पाहावी. ज्यांची राहिली असेल त्यांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, तेथे ती विनामूल्य मिळते.